थोरल्या मळ्याचा मान

"आपल्या घराण्यात पैशापायी कुणाचं शिक्षण आजवर अडलेलं नाही, आणि हा नरहरी जिवंत आहे तोवर अडणारही नाही!"

नरहरीआप्पांनी हे वाक्य उजव्या हातात सोललेलं केळं उंच धरून उच्चारलं, त्यामुळे त्याला मशालीची कळा आली. वाक्य खरंही होतं. खुद्द आप्पांचं शिक्षण तिसरीत अडलं ते मास्तरांच्या छडीपायी. मधल्या काशिनाथचं पाचवीत अडलं ते रहाटाचा रेडा हाकायला माणूस नव्हता म्हणून. धाकटा गुरुदत्त मॅट्रिकला दोनदा अडला तो बीजगणितापायी. पैसा लागेल तिथवर त्या तिघांतलं कुणी पोचलंच नव्हतं.

"किती म्हणालास?" आप्पांनी केळं परातीत ठेवत विचारलं.

"चौदाशे," काशिनाथ म्हणाला.

"दोन्ही वर्षांचे?"

"दोन्ही वर्षांचे. राहणं-खाणं धरून."

"हं," आप्पा म्हणाले, आणि घराण्याचा इतिहास तिथेच थांबला.

काशिनाथने मान खाली घालून पुढचं केळं उचललं. बंडीच्या खिशात पुण्याच्या कॉलेजचं पत्र होतं. त्याच्या मुलीला, जयवंतीला, तिथे एम. एस्सी.ला जागा मिळाली होती, आणि बुधवारपर्यंत होय-नाही कळवलं नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. आज रविवार. गुरुवारपासून ते पत्र छातीशी होतं आणि घामाने त्याची घडी आता पानाच्या विड्यासारखी मऊ झाली होती. थोरल्या भावासमोर काशिनाथ जन्मात कधी जिंकला नव्हता. खरं म्हणजे हरलाही नव्हता, कारण तोंडच उघडलं नव्हतं.

बैठक केळी सोलताना भरवायची ही युक्ती आप्पांच्या बायकोची, रुक्मिणीवयनींची. वाळवून सुकेळी करायची राजेळी केळी पिकली की बांबूच्या कामटीने सोलायची आणि लगेच मांडवावर उन्हात टाकायची. सोललेलं केळं सावलीत राहिलं तर काळं पडतं. म्हणून परात रिकामी होईपर्यंत कुणी उठायचं नाही, हा घरचा कायदा. आणि वादात आप्पांची एकच चाल होती, ती म्हणजे उठून जाणं. विहिरीच्या वाटणीच्या वेळी ते सात वेळा उठून गेले होते आणि सातव्या वेळेला रहाटाचे दोन दिवस जास्तीचे घेऊन परतले होते. वयनींना तेव्हा कळलं ते त्या विसरल्या नव्हत्या. आज पडवीत चौदा घड रचले होते आणि आप्पांची दोन्ही मनगटं चिकाने नि गोडाने माखली होती. धोतराला हात लावायची सोय नव्हती.

"पाय तरी धुऊन बसायचं होतं," वयनी म्हणाल्या. आप्पा पहाटे नेहमीप्रमाणे तिन्ही भावांच्या पानमळ्यांची फेरी मारून आले होते. घोट्यापर्यंत चिखल वाळून पांढरा झाला होता.

"मळ्याची माती म्हणजे लक्ष्मी," आप्पा म्हणाले. "ती धुवायची नसते."

"लक्ष्मी माझ्या सारवलेल्या पडवीभर उमटलीय."

बावखलाच्या तळ्यापलीकडची इनेझ खुदकन हसली. मागच्या आठवड्यात या घराने तिची केळी सोलून दिली होती, त्याची फेड करायला ती आली होती. घरची नसल्यामुळे तिला काहीही बोलायची मुभा होती आणि ती मुभा ती कधी वाया घालवत नसे.

"बरं, जयू," आप्पा पुतणीकडे वळले. "दोन वर्षं तू तिथं शिकणार काय?"

"वनस्पतींचे रोग, आप्पा. त्यातही बुरशी."

"बुरशी."

"होय."

"लोणच्याच्या बरणीवर येते ती?"

"ती, आणि तिच्या पुष्कळ बहिणी."

आप्पांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "इनेझबाय, तुमच्याकडे लोणच्यावर बुरशी आली तर काय करता?"

"वरची काढतो नि बरनी उनात ठेवतो," इनेझ म्हणाली. "कॉलेजात नाय पाठवत."

गुरुदत्त मोठ्याने हसला. तो दादरला राहत होता, बंदरावरच्या एका कचेरीत कारकून होता आणि रविवारी घरी आला की इस्त्रीची पँट चुरगळू नये म्हणून खाली वर्तमानपत्र घालून बसायचा. जयवंतीने बी. एस्सी. केलं ते त्याच्याच बिऱ्हाडी राहून. त्यामुळे तिच्या भवितव्यावर आपला थोडाफार मालकी हक्क आहे असं त्याला वाटे.

"आप्पांचं बरोबर आहे," गुरुदत्त म्हणाला. आप्पांचं बरोबर आहे असं तो सहा-सात महिन्यांनी म्हणत होता. गेल्या दिवाळीत तो मुंबईचे बूट घालून मळ्याच्या बाजूला फिरकला होता, आणि तेव्हापासून आप्पा त्याच्याशी तुटक वागत. आत्तासुद्धा पायरीवर काढून ठेवलेल्या त्या बुटांवर त्यांचा डोळा होता. पानमळ्यात वहाण घालून शिरायचं नाही, हा वडलांचा नियम. "आमच्या हापिसात टायपिस्टची जागा निघतेय. नव्वद रुपये पगार. साहेब माझ्या शब्दाबाहेर नाही."

"साहेब तुला नावानं ओळखतो का रे, भाऊजी?" वयनींनी विचारलं.

"चेहऱ्यानं ओळखतो."

"मग चेहऱ्यालाच दे ती जागा. आपण पैसे आणायचे कुठून ते ठरवायला बसलोय, पोर ठेवायची कुठं ते नाही."

आप्पा खाकरले. "वयनी बोलते त्यात चूक नाही. पण गुरुदत्त म्हणतो त्यातही तथ्य आहे." ते बायकोला भावांसमोर 'वयनी' म्हणत. त्यामुळे तिचं म्हणणं मान्य केलं तरी ते आपलं नाही, भावांचं, असा त्यांचा हिशेब असायचा.

काशिनाथच्या मनात तीन रात्री घोळत होतं ते त्याने आता पुढे केलं. "आप्पा, माझी रहाटाची पाळी... मंगळवार-बुधवारची... ती दोन वर्षं तुम्ही घ्या. तुमच्या मळ्याला पाणी वाढेल. त्याबदली तुम्ही जयूचं..."

"आणि तुझे वेल काय दहिवरावर जगतील?"

"बघेन मी."

"काही बघायचं नाही!" आप्पा गरजले. "धाकट्याच्या तोंडचं पाणी पिणारा मी नव्हे!"

उत्तर उदात्त होतं. पण काशिनाथला ठाऊक होतं की आप्पांना पाणी नको होतं कारण पाणी घालायला मळा उरला नव्हता, आणि देण्यासारखे चौदाशे रुपयेही नव्हते.

आप्पांचा पानमळा मरत होता हे गुपित होतं. म्हणजे बोळिंजपासून आगाशीपर्यंत ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त सगळ्यांना माहीत आहे हे आप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीत एका ओळीचे वेल पिवळे पडले, संक्रांतीला माना टाकल्या, शिमग्यापर्यंत अर्धा मळा मर रोगाने खाल्ला. आप्पांनी मळ्याभोवती माणूसभर उंच कूड घातला आणि गडी काढून टाकला. त्या मळ्याचा मान मोठा. पंचक्रोशीतल्या लग्नात पहिला विडा लागायचा तो थोरल्या मळ्याच्या पानाचा, आणि नवा मळा लावणारा बेणं न्यायचा तेही इथूनच. मर लागलेल्या मळ्याचं पान विड्याला चालत नाही आणि बेण्याला तर कुणी हात लावत नाही. फाळणी झाली तेव्हा वसईच्या पानांनी रंगणारी निम्मी तोंडं सरहद्दीपलीकडे गेली, तो धक्का आप्पांनी पचवला होता. हा पचत नव्हता. या वैशाखात त्यांनी तीन लग्नांना आगाशीच्या बाजारातली पानं आपल्या टोपलीतून पोचवली. लोकांनीही ती 'वा, थोरल्या मळ्याचं पान ते थोरल्या मळ्याचं' असं म्हणून खाल्ली. गावाला माणुसकी होती.

गुरुदत्तच्या बुटांवरचा राग तोही यातलाच. पण राग का ते सांगायचं तर मळा मरतोय हे सांगावं लागलं असतं. म्हणून आप्पा नुसतेच रागावलेले राहत.

"जयू," वयनी कामटीवरचं साल झटकत म्हणाल्या, "दुसरा कागद वाच."

काशिनाथच्या हातून केळं सुटलं. "कुठला दुसरा?"

"भाऊजी, मला वाचता येत नाही. पण दोनपर्यंत मोजता येतं. गुरुवारी लिफाफ्यातून दोन कागद निघाले. तुम्ही एकच दाखवता."

जयवंतीने बापाकडे पाहिलं. हा कागद वाचायचा नाही असं दोघांचं ठरलं होतं, न बोलताच. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. तिची वेणी घातली ती मोठीआईने, म्हणजे वयनींनी, आणि खांद्यावर बसवून मळ्याच्या बांधावरून पहिल्यांदा शाळेत नेलं ते आप्पांनी. अशा माणसाचा कूड आपण कसा पाडायचा?

"वाच," वयनी म्हणाल्या.

जयवंतीने मनगटाने केस मागे सारले. "दुसऱ्या कागदात असं आहे की एक जागा बिनफीची आहे. वर महिना पन्नास रुपये मिळतात. पानवेलीच्या मर रोगावर काम करायचं."

"बिनफीची?" गुरुदत्त ताठ बसला. टायपिस्टची जागा त्याच्या चेहऱ्यावरून तत्क्षणी उडाली. "अगं मग सांगत का नव्हतीस? आप्पा, मी आधीपासून म्हणतोय की पोरगी हुशार आहे!"

"अट आहे, काका. मर लागलेल्या मळ्याच्या मालकानं लिहून द्यायचं. दोन वर्षं त्या मळ्यात प्रयोग करायला हरकत नाही म्हणून. नाव, गाव, सही."

पडवीत सगळ्यांच्या कामट्या थांबल्या.  सगळेजण अतिशय काळजीपूर्वक केळ्यांकडे पाहू लागले. इनेझने छातीवर क्रूस काढला आणि बोटाचा चिकटा पोलक्याला पुसला.

"असा मळा," आप्पा सावकाश म्हणाले, "शोधावा लागेल. सातिवलीकडे विचारू. त्या बाजूचे लोक स्वच्छता पाळत नाहीत."

"सातिवलीला पानमळा नाय, आप्पा," इनेझ म्हणाली. "भात हाय."

"मग चंदनसारला."

"थयही भातच."

"म्हणजे नाहीच म्हणायचा!" आप्पांचा आवाज चढला. "आपल्या भागात मर नाही हे भूषण आहे! राहता राहिले चौदाशे. ते मी देतो. नरहरी देतो. कुठून ते विचारायचं नाही!"

कुठून ते काशिनाथला न विचारताच कळलं. आप्पांकडे विकण्यासारखं एकच उरलं होतं, विहिरीकडचा माडांचा तुकडा. तो गेला की हा माणूस कूड घातलेल्या मेल्या मळ्यात एकटा उभा राहील आणि वर म्हणेल की पैशापायी कुणाचं काही अडलं नाही. पाचवीपासून अडलेलं काशिनाथचं तोंड उघडलं.  

"माझा मळा लिही, जयू."

"काय?" आप्पा म्हणाले.

"माझ्या मळ्यात मर आहे. शिमग्यापासून. तीन ओळी गेल्या." काशिनाथ केळं सोलतच राहिला, कारण हात थांबले असते तर तोंडही थांबलं असतं. "माझं नाव जाऊ दे सरकारात. माझ्या बेण्याला तसंही कोण विचारतंय. सही मी करतो."

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरून गरजणं उतरलं आणि खाली एक साधा, भ्यालेला शेतकरी निघाला.

"तुझ्यात कधी आली? मी रोज पहाटे बघतो."

"तुम्ही पुढल्या ओळी बघता, आप्पा. मेलेल्या ओळींच्या जागी मी दुसरे वेल बांधून ठेवतो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि माझ्या मळ्यात?" गुरुदत्त ओरडला. त्याचा मळा काशिनाथच कसत होता.

"तुझ्या पाच ओळी."

"पाच! आणि मला कुणी..."

"तू पानं मोजायला येतोस, वेल बघायला नाही," वयनी म्हणाल्या.

जयवंती पुढे सरकली. तिचा चेहरा बदलला होता. लहानपणी मुंग्यांच्या वारुळासमोर बसायची तेव्हा तो असा व्हायचा. "बाबा, तुमच्यात कुठल्या बाजूनं सुरू झालं?"

"वाटेच्या कडेनं."

"आणि काकांच्या?"

"तिथंही वाटेच्याच."

"आप्पांच्या मळ्यातून निघून तुमच्यात, तुमच्यातून काकांच्यात, अशी ती वाट. ओल्या मातीतून जाते ही बुरशी. मळ्यातून मळ्यात माती कोण नेतं?"

"बूट!" आप्पा विजयाने ओरडले. "मी म्हणत नव्हतो? दिवाळीपासून म्हणतोय!"

"तुम्ही काहीच म्हणत नव्हता," गुरुदत्त म्हणाला. "नुसते फुगून बसला होता! आणि मी बांधावरूनच परत गेलो. आत पाऊल नाही टाकलं."

"काका दिवाळीत एकदा आले," जयवंती हळूच म्हणाली. "रोज त्या वाटेनं कोण जातं?"

  सगळ्यांच्या नजरा पडवीवर उमटलेल्या लक्ष्मीच्या पावलांवरून चालत चालत आप्पांच्या घोट्यांपर्यंत जाऊन पोचल्या. कुणी वहाण घालून शिरलं का हे बघायला आप्पा रोज पहाटे अनवाणी आपल्या मेल्या मळ्यातून निघत आणि भक्तिभावाने दोन्ही भावांचे मळे तुडवून येत. सहा महिन्यांत एकही खाडा नव्हता.

आप्पांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. उठून जायची वेळ हीच होती, पण अजून दोन घड सोलायचे होते. वयनींनी सबंध आयुष्यात इतकी चोख मोजदाद केली नव्हती, आणि आता नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना ती नकोशी झाली. त्यांनी मुकाट्याने आप्पांच्या पुढ्यातली केळी आपल्याकडे ओढली.

"आप्पा," जयवंती म्हणाली, "आजोबांचा नियम बरोबरच होता. त्यांना नेमकं ठाऊक होतं, पायांनीच जातं ते. फक्त वहाण काढल्यावर पायही धुवायला हवे होते, एवढंच राहिलं."

आप्पांनी मान वर केली. "म्हणजे नियम बरोबर होता?"

"शंभर टक्के. पुण्याचे प्राध्यापक आत्ता तेच सांगतायत."

"आमच्या वडलांनी ते चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं," आप्पा इनेझला म्हणाले. बुडत्याला एवढी काडी पुरली. पण पुढच्याच क्षणी त्यांच्या कपाळावर आठी आली. "थांब. सही काशिनाथची कशी?"

"मी करतो म्हटलं ना," काशिनाथ म्हणाला.

"तुझ्या ओळी किती मेल्या?"

"तीन."

"गुरुदत्तच्या पाच. आणि माझ्या..." आप्पा अडखळले, मग एकदम छाती काढून म्हणाले, "माझ्या एकतीस! एकतीस ओळी! थोरल्याचा मळा असताना धाकट्याचा रोग सरकारात जाणार? तीन ओळींचा? कॉलेजात हसतील आपल्याला!"

"पण आप्पा, विड्याचा मान..."

"मान थोरल्या मळ्याचा आहे. विडा असो की मर, आधी नाव थोरल्याचं लागेल. लिही, जयू. या पंचक्रोशीतला सर्वांत जास्त मर लागलेला मळा. सर्वांत जास्त, हे मोठ्या अक्षरात."

"तसा रकाना नाही, आप्पा."

"मग रकान्याच्या बाहेर लिही."

काशिनाथला हसू आलं, आणि ते लपवायला त्याने शेवटचं केळं इतकं खाली वाकून सोललं की त्याचं नाक माखलं. उरलेली केळी वयनी नि इनेझने मिळून मांडवावर नेली. हात धुतले गेले. गुरुदत्तने खिशातलं पेन काढून दिलं आणि 'साहेबाचं आहे, जपून' असंही सांगितलं. आप्पांनी तिसरीतल्या अक्षरात, प्रत्येक अक्षराला पानवेलीसारखा आधार देत, सही केली. मग उठून पडवीतून अंगणात आले. बाहेर जाऊन त्यांनी आधी कुडाकडे पाहिलं, मग काशिनाथकडे.

"उद्या तो काढून टाकू," ते म्हणाले. "पोरीला आत-बाहेर करायला अडचण होईल."

"काढू," काशिनाथ म्हणाला. "माझी मंगळवारची पाळी..."

"गप."

जयवंती घरात गेली आणि लगेच बाहेर आली. आप्पांसमोर येऊन ती वाकली. आप्पांना भरून आलं. त्यांनी घसा साफ केला, पंचा खांद्यावर नीट घेतला, उजवा हात तिच्या डोक्यावर धरला आणि घराण्यातल्या पहिल्यावहिल्या एम. एस्सी.ला शोभेलसा आशीर्वाद मनात जुळवू लागले. वयनींनी डोळ्याला पदर लावला. गुरुदत्तही वर्तमानपत्र सोडून उभा राहिला.

"बाळ," आप्पा म्हणाले, "या घराण्याची कीर्ती..."

"आप्पा," जयवंती तशीच वाकलेली, एका हातात लोणच्याची धुतलेली बरणी आणि दुसऱ्यात केळी सोलायची कामटी धरून म्हणाली, "जरा डावा पाय वर करता? तळव्याची माती हवीय."